नेवेंकाची खिडकी

नेवेंका रागावली की आधी खिडकी उघडते. सर्बियातल्या आमच्या स्तारो व्रेलो गावात वाऱ्याच्या झोताला लोक तापापेक्षा जास्त भितात. दोन बाजूंनी वारा लागला की मान धरते, मूत्रपिंड गारठतं आणि धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो, असं आमच्या आया सांगतात आणि डॉक्टरही माना डोलावतात. त्यामुळे जिल्हा रुग्णालयाच्या तळमजल्यावर, संगणक विभागात, खिडकीची कडी वाजली की समोरच्या टेबलावरचा मोमीर मुकाट्यानं मफलर गुंडाळायचा आणि वादळ सरायची वाट बघत बसायचा.

ती उठसूट चिडणारी बाई होती असं मात्र कोणी समजू नये. नवरा दुसरीबरोबर निघून गेला तेव्हा तिनं त्याच्या शर्टांना इस्त्री करून बॅग भरून दिली. तिचा राग एका ठिकाणी साठलेला होता आणि त्या ठिकाणाचं नाव होतं वशिला.

त्याचं मूळ घरातच होतं. तिची आई स्टामेना याच रुग्णालयात नोंदणीच्या काचेमागे निवृत्त होईपर्यंत बसली. कोणाला कोणत्या डॉक्टरची वेळ कधी मिळायची ते स्टामेनाच्या हातात. काचेसमोर रांग असायची आणि मागच्या दारावर हलकेच टकटक व्हायची. त्या टकटकीमुळे यांच्या स्वयंपाकघरात धुरी दिलेल्या मांसाच्या तंगड्या लटकायच्या, राकिया या फळांच्या दारूच्या बाटल्या कपाटात मावायच्या नाहीत आणि कॉफी दुकानात विकत मिळते हे नेवेंकाला शाळेत गेल्यावर कळलं.

शाळा सुटली की ती आईच्या मागच्या खोलीत बसून अभ्यास करायची. एकदा पडद्याच्या फटीतून तिला वर्गातल्या एका मुलीची आई दिसली. बाई सकाळपासून रांगेत होती. तिची पाळी आली आणि स्टामेनानं पडदा ओढला, "आजच्या वेळा संपल्या." मग मागच्या दारातून एक माणूस पिशवी घेऊन आला, त्याच्यासाठी वेळ निघाली आणि पिशवीतला पावाचा तुकडा नेवेंकाच्या हातात पडला. तिनं तो खाल्ला. पुढच्या हिवाळ्यात त्या मुलीच्या दारावर काळ्या काठाचा कागद चिकटला, आमच्याकडे कोणी गेलं की चिकटवतात तसा. त्या दिवशी वेळ मिळाली असती तर बाई वाचली असती का, देव जाणे. नेवेंकाला मात्र तो पाव कधी पचला नाही.

म्हणून रुग्णालयात मोठं स्कॅनचं यंत्र आलं आणि संचालक डॉक्टर झिवादिन यांनी वेळा देण्यासाठी वेबसाइट बनवायला सांगितली, तेव्हा तिनं वेबसाइटला हातच लावला नाही. आधी तिनं खिडकी बांधली. तिच्या धंद्यातले लोक तिला एपीआय म्हणतात. ती खिडकी म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले. कोणत्या वेळा रिकाम्या आहेत ते त्या खिडकीपाशी कोणाच्याही प्रोग्रॅमनं विचारावं आणि हवी ती वेळ धरावी. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला खिडकी वापरायची चावी मिळाली, पेन्शनरांच्या क्लबाला मिळाली, गावच्या रेडिओला मिळाली. फोनवर बसणाऱ्या मुलीही तिथूनच विचारायच्या. आणि सगळ्यात शेवटी तिनं वेबसाइट केली आणि तिलाही तसलीच एक चावी दिली, एक दात कमी नाही की जास्त नाही. वेळांच्या कोठारात शिरायला दुसरी वाट तिनं ठेवलीच नाही.

संचालक कपाळाला हात लावून बसले होते. "अहो बाई, घर आपलं, कोठार आपलं, आणि आपल्याच वेबसाइटनं बाहेर जाऊन खिडकीपाशी उभं राहायचं?"

"हो."

"का पण?"

"बाहेर किती गारठा आहे ते त्याशिवाय आतल्यांना कळत नाही, डॉक्टर."

बोलणं उद्धट होतं, पण खरं होतं. जुन्या वेबसाइटला आतून वाट होती आणि बाहेरच्यांसाठी नावापुरती एक खिडकी. ती खिडकी महिनोन्‌महिने शिळ्या वेळा दाखवायची आणि आत कोणाला पत्ता नसायचा, कारण आतले कोणी त्या खिडकीपाशी जातच नव्हते. आता एका सोमवारी नेवेंकाची खिडकी अडकली, तर रुग्णालयाची स्वतःची वेबसाइट पहिली कोरी झाली. संचालक जिना उतरून धावत आले आणि जेवणाआधी सगळं सुरळीत झालं. त्या दिवशी नेवेंका इतकी खूश होती की मोमीरला मफलर घरी विसरल्याचंही आठवलं नाही.

मोमीर तिचा कुम. म्हणजे तिच्या लग्नाचा साक्षीदार आणि पुढे तिच्या लेकाचा धर्मपिता. आमच्या सर्बियात नवरा सोडता येतो, कुम सोडता येत नाही. त्याचं घरात भावापेक्षा वर स्थान असतं आणि कुमनं काही मागितलं किंवा ज्या घरचा तो कुम त्या घरच्यांनी त्याच्याकडे काही मागितलं, तर नाही म्हणायची सोयच नसते. मोमीर तसाही कोणाला नकार न देणारा माणूस. गोल चेहरा, मऊ आवाज. गावात त्याचा कोणी शत्रू नव्हता, आणि मला विचाराल तर तिथंच सगळी गोम होती.

शरद ऋतूत, बाजारात लाल मिरच्यांची पोती लागली होती तेव्हा, एका सकाळी रेडिओवरची बोसिल्का संगणक विभागाचं दार ढकलून आत आली. रोज दुपारी बारा वाजता बोसिल्का आधी मृत्यूच्या बातम्या वाचायची आणि मग स्कॅनच्या रद्द झालेल्या वेळा. कोण गेलं आणि कोणती वेळ रिकामी झाली, यांचा संबंध गावाला वेगळा समजवावा लागत नसे. ज्याला वेळ हवी तो लगेच फोन लावायचा. इंटरनेट न कळणाऱ्या म्हाताऱ्यांचा तोच आधार होता.

"नेवेंका, मी काय फक्त मेलेलेच वाचायचे का?" बोसिल्का कोट न काढताच म्हणाली. "उन्हाळ्यापासून तुझ्या खिडकीतून एक रद्द वेळ येईल तर शपथ!"

"लोक रद्द करत नसतील."

"करत नसतील? अगं, गेल्या आठवड्यात ज्यांची ज्यांची मी बातमी वाचली, त्यातल्या दोघांच्या वेळा होत्या! ते काय तिथून येणारेत स्कॅनला? माझी मावशी रोज रेडिओला कान लावून बसते. तिला काय सांगू, गावात सगळे ठणठणीत झाले म्हणून?"

नेवेंकानं तपासलं. खिडकी ठीक होती. मग तिनं वेबसाइट उघडून एकेक पान कोणाकडे विचारायला जातं ते पाहिलं. सगळी पानं शहाण्यासारखी खिडकीपाशी जात होती. एक पान जात नव्हतं. कर्मचाऱ्यांसाठी, पासवर्डमागे, ते उन्हाळ्यात नव्यानं जोडलेलं होतं. रद्द झालेल्या सगळ्या वेळा त्याच्यावर हजर होत्या, आणि खिडकीपाशी ते एकदाही आलेलं नव्हतं. म्हणजे कोठाराला कोणीतरी आतून भोक पाडलं होतं. वेळ रद्द झाली की आधी या पानावर यायची, तिथं वाटली जायची आणि उरलीसुरली खिडकीत जायची. उरत काहीच नव्हतं.

तिनं खिडकी उघडली. खरीखुरी, काचेची. मोमीरनं मफलर घेतला नाही. तो मान खाली घालून बसून राहिला, आणि तेवढ्यावरून तिला कळलं.

"तू?"

"कुमा, ऐकून घे..."

"तू केलंस? माझ्या नाकाखाली? ही वेबसाइट तुझ्या डोळ्यांसमोर बांधली ना रे मी? एकच वाट, एकच खिडकी, राजा असो की भिकारी! आणि तू तिला मागचं दार काढलंस? दार काढायचंच होतं तर माझ्या छातीत काढायचंस!"

"लोक विचारतात गं. शेजारी विचारतात, कुम विचारतात, पोराच्या शाळेतली बाई विचारते. तेही आजारीच असतात. मी कोणाकडून पैसा घेतला नाही."

"पैसा नाही घेतलास. तंगडी घेतली असशील."

मोमीर लाल झाला. बोसिल्कानं कोटाची बटणं लावली आणि "मी बाहेर थांबते" म्हणून ती सटकली, पण दार तिनं लावलं नाही, कारण ती शेवटी रेडिओवाली.

नेवेंका जिने चढून थेट संचालकांकडे गेली. डॉक्टर झिवादिन कॉफी पीत होते. तिनं बसायचं नाकारलं आणि सगळं एका दमात सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं तिला वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला, एवढंच.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझेही दोन-चार जण गेले असतील त्या पानावरून. बाई, ही जगाची रीत आहे. तुमची खिडकी छान आहे. माणसं कागदावर छान दिसतात तशी."

"मी ते पान आज काढणार. वाटलेल्या सगळ्या वेळा परत खिडकीत टाकणार."

"तसं करू नका."

"मग मला काढून टाका."

"तुम्हाला कशाला काढू?" डॉक्टर हसले, आणि ते हसू मी आजही त्यांना माफ केलेलं नाही. "खाली जाऊन आधी कुमला विचारा, ते पान त्यानं पहिल्यांदा कोणासाठी केलं. मग रेडिओवाल्या बाईंना तेही सांगा."

ती जिना कशी उतरली ते तिला आठवत नाही. मोमीर तिथंच होता.

"कोणासाठी?"

तो मफलरची घडी घालत राहिला.

"मोमीर, कोणासाठी?"

"स्टामेना आली होती," तो म्हणाला. "जूनमध्ये. घरी. नेवेंकाकडे वेळ मागितली तर ती नाही देणार, म्हणाली. कुम म्हणून तुझ्याकडे आले, म्हणाली. तिला धाप लागत होती, कुमा. माझ्या स्वयंपाकघरात तिला तीनदा बसावं लागलं. मी काय म्हणायला हवं होतं? रांगेत उभी राहा?"

आता नेवेंकाच्या डोळ्यांपुढे तो उन्हाळा आला. आईच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. डॉक्टर म्हणाले होते, शरदात पुन्हा स्कॅन करू, वाढतोय का बघू. दोन्ही वेळा पटकन मिळाल्या होत्या. कशा मिळाल्या, म्हणून विचारलं तर स्टामेना म्हणाली होती, "रेडिओवर ऐकलं आणि फोन लावला, तुझ्या खिडकीची कृपा." आणि नेवेंकानं ते आख्ख्या गावाला सांगितलं होतं! "माझी आई, काचेमागची स्टामेना, तीसुद्धा आता फोन लावते!" औषधवाल्याला सांगितलं, क्लबात सांगितलं, मलाही सांगितलं. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मीही फसलो.

दुसरा स्कॅन या गुरुवारी होता. सकाळी सात वीस.

तिला आईचा राग आला, मोमीरचा आला, वरच्या कॉफी पिणाऱ्याचा आला, आणि आपण उन्हाळ्यापासून बावळटासारखे मिरवत होतो याचा सगळ्यात जास्त आला. ती खुर्चीत बसली आणि पान काढायला लागली. कोठाराचं भोक बुजवलं. मग वाटलेल्या वेळा एकेक करून मोकळ्या करायला लागली.

"बाकी सगळं बंद कर," मोमीर तिच्या खांद्यामागून म्हणाला. "तुझं बरोबर आहे, मी गाढव आहे. पण आईचा गुरुवार राहू दे. एक वेळ. कोणाला कळणारे?"

तिचा हात थांबला. खोटं कशाला सांगू, बराच वेळ थांबला. डाग वाढत असेल तर? एकेक दिवस महत्त्वाचा असेल तर? रुग्णालयातल्या यंत्राला काय कळतं, कोण पुढच्या दारानं आलं आणि कोण मागच्या. तिची आई आहे ती. बोसिल्काच्या मावशीचा चेहरा तरी तिनं कुठं पाहिला होता?

"तूही मला हेच शिकवणार," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि मोमीर म्हणतो की तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "एक वेळ. तुझीही एकच होती ना सुरुवातीला?"

तिनं गुरुवार मोकळा केला.

"ज्यांना ज्यांना दिल्यास त्यांना आत्ता फोन कर. स्वतः कर. कुम म्हणून माझ्या दारात पुढच्या सणाला यायचं असेल तर कर."

"आणि तुझ्या आईला?"

"तिला मी सांगते."

ती घरी पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. स्टामेना अंगणालगतच्या स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती. हिवाळ्याची चटणी घालायची होती. घरभर धूर, टोपल्यात काळ्या पडलेल्या मिरच्या, आणि फडताळावर रेडिओ. म्हातारी स्टुलावर बसून साली सोलत होती. मध्येच थांबून श्वास घेत होती.

"एवढ्यात कशी आलीस? बस, हात लाव. तुझं ते यंत्र मिरच्या सोलतं का बघ एकदा."

"आई, तुझ्या गुरुवारचं..."

"श्श! थांब. मयतं चाललीत."

बोसिल्का मेलेल्यांची नावं वाचत होती. स्टामेना प्रत्येक नावाला मान हलवत होती, हा अमक्याचा जावई, ती तमक्याची नणंद. नेवेंका समोर बसली आणि तिनं एक मिरची उचलली. नावं संपली. रेडिओवर कागद सरकला आणि बोसिल्काचा आवाज एकदम बदलला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आणि आता श्रोतेहो, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा, स्कॅनच्या रिकाम्या वेळा! बुधवार, दुपारी एक. बुधवार, दोन चाळीस. गुरुवार, सकाळी सात वीस..."

स्टामेनाच्या हातातली मिरची सुटली.

"ती माझी आहे."

"होती," नेवेंका म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळायला एक क्षण पुरला, जन्मभर तिनं तोच धंदा केला होता. "तू काढलीस. पोटच्या पोरीनं."

"तू मला खोटं सांगितलंस. कुमच्या घरी जाऊन बसलीस, माझ्या पाठीमागे!"

"मग काय करू? रांगेत मरू? रांगेत कोण असतं ते मी जन्मभर पाहिलंय, मला नको सांगूस!"

"मीही पाहिलंय! मी मागच्या खोलीत बसून पाहिलंय!"

नेवेंकानं स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली आणि मायलेकींचा आवाज पार रस्त्यापर्यंत आला. शेजारणीनं झाडलोट थांबवली. मग स्टामेनाला धाप लागली आणि भांडण मध्येच तुटलं. नेवेंकानं पाणी दिलं. म्हातारी ते प्यायली, पण तिनं पोरीकडे बघितलं नाही.

"फोन लाव," ती शेवटी म्हणाली. "माझे हात भरलेत."

नेवेंकानं रेडिओनं सांगितलेला नंबर लावला, आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. सगळं गाव त्याच वेळी लावत होतं. तिची लॅपटॉपची पिशवी दाराशीच पडली होती. ती उघडून वेळ धरायला लागलं असतं एक मिनिट. तिनं तिसऱ्यांदा नंबर लावला.

"काय माणसं आहेत!" स्टामेना कडाडली. "इकडे माणूस मरतंय आणि या बायका आत कॉफी ढोसत बसल्या असतील!"

म्हणून झालं आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. काचेबाहेरून हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते ओळखू आलं. नेवेंका काही बोलली नाही. बोलली असती तर मी तिला माफ केलं नसतं.

मग फोन लागला. पलीकडे कोणी नवी मुलगी होती.

"गुरुवार सात वीस," स्टामेना घाईनं म्हणाली.

"ती आत्ताच गेली हो आजी. या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारची एक आहे. घेऊ का?"

स्टामेना फोनजवळ वाकली. आवाज एकदम गोड झाला, मागच्या दारावरची माणसं तिच्याशी बोलायची तसा. "बाळा, मी स्टामेना. नोंदणीच्या काचेमागची स्टामेना. ओळखलंस ना मला?"

पलीकडे कीबोर्ड टकटकला.

"नाही हो आजी. नाही ओळखत. पूर्ण नाव सांगता? लिहून घेते."

स्टामेनानं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. मुलीला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, जन्मसाल सांगितलं, आणि शेवटी धन्यवादही म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती पुन्हा सोलायला लागली. नेवेंकाही सोलत राहिली. शेवटचा मंगळवार जवळजवळ तीन आठवडे लांब होता आणि तो डाग तोवर काय करणार होता हे दोघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. नेवेंकाच्या डोळ्यांना मिरच्यांचा धूर झोंबत होता, असं ती सांगते.

"मंगळवारी तू माझ्याबरोबर यायचं नाहीस," टोपलं रिकामं होत आल्यावर स्टामेना म्हणाली.

"आई..."

"नाही. मी एकटी जाईन. पुढच्या दारानं जाईन, नंबर घेईन, बाकावर बसेन. बघू दे मला, तू काय बांधलंयस ते." तिनं एक सोललेली मिरची भांड्यात टाकली. "आणि ती खिडकी लाव आधी. मानेला वारा लागतोय."